बोटभर फट

"परत फिरव," आसावरी म्हणाली.

प्रीतमने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि पुढच्या डाव्या चाकातून पुन्हा तोच आवाज आला. खर्र. मोठा म्हणावा असा नव्हता, पण एकदा कानात शिरला की दुसरं काही ऐकू येऊ नये असा होता. बाळकुमच्या त्या सोसायटीचं अख्खं पार्किंग दसऱ्याच्या सकाळी धुऊनपुसून लख्ख झालेलं. सगळ्या गाड्यांना झेंडूच्या माळा लागलेल्या, आणि त्या सगळ्यांमध्ये टिपणिसांची म्हातारी फियाट एका चाकाने कण्हत उभी होती.

आसावरी फरशीवर जुनी चादर अंथरून पालथी पडली होती. वय एकोणपन्नास, डोंबिवली एमआयडीसीतल्या कंपनीत टूलरूमची प्रमुख, आणि सणाच्या दिवशी अंगात ग्रीसचे डाग पडलेला पंजाबी ड्रेस. आईने सकाळपासून तीनदा टोकलं होतं. आसावरीने तीनदा "हो गं" म्हटलं होतं आणि तीनदा गाडीखाली गेली होती.

"ताई, सांगतो ना मी," प्रीतम खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला. आंबिवलीला त्याचं गॅरेज होतं, आणि गेले आठ महिने हीच गाडी त्याच्या डोक्यावर बसली होती. "टायर मडगार्डच्या ओठाला लागतोय. बुधवारी मी एकटा बसून फिरवली तेव्हा गाडी रिकामी होती. आता माणसं बसली की गाडी दबते, चाक वर येतं. मडगार्डची आतली कड ग्राइंडरने उडवली की काम खल्लास."

"मडगार्डला ग्राइंडर?" आसावरी चाकाआडूनच म्हणाली. "बाबा ऐकतायत."

बाबा खरंच ऐकत होते. खांबाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, पेपर उघडून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आनंद टिपणीस. या गाडीच्या मडगार्डला कुणी टेकून उभं राहिलेलं त्यांना चालत नसे. आसावरीचा मोठा भाऊ सलील, त्याच्याच लग्नात त्याने पिशवी टेकवली म्हणून भर वरातीत नवऱ्या मुलाला बोलणी बसलेली.

"कापायचं तर कापा," बाबा पेपरातून म्हणाले. "काय फरक पडतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. 'काय फरक पडतो' हे त्यांचं वाक्यच नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कशेळीच्या पुलावरून उतरताना ही गाडी समोरच्या टेम्पोवर मागून आदळली होती. बाबा चालवत होते, शेजारी आई. आईचं मनगट मोडलं. बाबा उतरले आणि एकच बोलले, "ब्रेक लागलाच नाही." आणि ब्रेकचं काम चारच दिवसांपूर्वी सलीलने एका गॅरेजमधून करून आणलेलं. बस. कुणी सलीलला तोंडावर काही म्हटलं नाही, त्यानेही वाद घातला नाही. पण तेव्हापासून बापलेक आईमार्फत बोलत. "त्याला सांग वीजबिल भरलंय." "बाबांना विचार चहा हवाय का." दोघं एकाच खोलीत असायचे.

बाबांनी त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. पन्नास वर्षं दर दसऱ्याला अख्खं घर या गाडीत कोंबून कल्याणला आत्याकडे सोनं द्यायला जायचं, तेही बंद पडलं. म्हणून आसावरीने गाडी आंबिवलीला नेली, आणि दोन महिन्यांनी परत आणून पुढचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच काढलं. नवे डिस्कब्रेक बसवले की बाबांची भीती जाईल, असा तिचा साधा हिशेब. पण जुन्या गाडीत नवा भाग बसवायचा म्हणजे चाळीत नवी सून आणण्यासारखं असतं, प्रत्येकाला थोडं थोडं सरकावं लागतं. ब्रेक बसवला तर जुनं चाक त्याच्यावर जाईना. मोठं चाक लावलं तर ते आतल्या दांड्यांना घासायला लागलं. चाक बाहेर ढकलायला मध्ये चकती घातली, तर टायर मडगार्डकडे सरकला. मग टायर अरुंद घेतला. असं करत करत आठ महिने गेले, आणि बुधवारी एकदाची गाडी बिनबोभाट वळली होती.

आणि आज ही खर्र.

बाबांनी गणपतीतच सांगून टाकलं होतं, दसऱ्याला गाडी नाही हलली तर देऊन टाका. नाशिकचा एक माणूस उद्या सकाळी टोइंगची गाडी घेऊन येणार होता. सलीलनेच शोधलेला.

"मी काय म्हणतो," सलील खाकरून म्हणाला. बावन्न वर्षांचा, नव्या झब्ब्यात अवघडून उभा. "आसू, तू खूप केलंस. पण नाही जमत तर नाही जमत. दोन वर्षं ती गाडी बघितली की मला घास जात नाही. जाऊ दे ना तिला."

"तुला नको आहे म्हणून सगळ्यांना नको असेल असं नाही," आसावरी म्हणाली.

"बाबांनाही नकोच आहे. विचार."

कुणी विचारलं नाही. सलीलची बायको देवयानी जिन्यावरून आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन उतरत होती. गेल्या सहा महिन्यांत या गाडीपायी तिने सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी एकटीने खाल्ली होती, पण गाडी हलवू दिली नव्हती, त्यामुळे ती कुणाच्या बाजूने आहे हे वेगळं विचारायची गरज नव्हती. ती गाडीजवळ आली, वाकून चाकाकडे बघितलं.

"मडगार्डलाच लागतंय हे कुणी बघितलंय का?" तिने विचारलं.

"आवाज तिथूनच येतोय वहिनी," प्रीतम म्हणाला.

"आवाज स्वयंपाकघरातून येतो म्हणून कुकरच फुटला असेल असं नसतं. आधी बघा. मग कापा."

सलीलने बायकोकडे बघितलं. देवयानीने त्याच्याकडे बघितलं नाही. आसावरीला मात्र या वहिनीला मिठी मारावीशी वाटली, पण हाताला ग्रीस होतं.

"बघणार कसं?" प्रीतम म्हणाला. "माणसं बसवल्यावर चाकाच्या आत डोकं घालायला जागा उरत नाही. जॅकवर चढवली की चाक खाली लोंबतं, मग सगळीकडे हवी तेवढी फट. आपण आधी सगळं जॅकवरच मोजलेलं ना, तिथेच चुकलो."

आसावरी उठून बसली. "कंपनीत आम्ही अशा जागी चिकणमाती लावतो. दोन भागांच्या मध्ये गोळा चिकटवायचा, यंत्र एकदा फिरवायचं, उघडून बघायचं. जिथे माती चेपली तिथे फट कमी. जिथे कापली गेली तिथे लागतंय."

"आता दसऱ्याला चिकणमाती कुठून आणू?" सलील म्हणाला.

आसावरीने मान वर करून पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे बघितलं. आई, म्हणजे नीलाताई, कठड्याला टेकून मघापासून सगळं ऐकत होत्या.

"आई, पुऱ्यांची कणीक भिजवलीस?"

"भिजवलीय. का?"

"दे ना थोडी. घट्टच आहे ना?"

"आसावरी, अजून देवाला नैवेद्य दाखवायचाय."

"नैवेद्याची बाजूला काढ. मला चार गोळे पुरेत."

"तुझ्या आजीने या गाडीला पेढे चारले होते," नीलाताई आत जाता जाता म्हणाल्या, "तू आता पुऱ्या चार." पण पाचव्या मिनिटाला त्या स्वतःच परात घेऊन खाली आल्या.

प्रीतमने चाक काढलं. आसावरीने हाताला तेल लावून लिंबाएवढे गोळे केले आणि जिथे जिथे संशय होता तिथे चिकटवले. एक मडगार्डच्या ओठाला, एक चाक धरून ठेवणाऱ्या वरच्या आर्मवर, एक खालच्या आर्मवर आणि एक त्या जाड आडव्या दांड्याच्या टोकाला. पुढची दोन्ही चाकं एकमेकांना सांभाळून वर-खाली व्हावीत म्हणून असलेला दांडा. प्रीतम त्याला स्टॅबिलायझर म्हणे. मग चाक परत चढवलं, जॅक काढला आणि गाडीत माणसं भरायला सुरुवात झाली.

प्रीतम स्टिअरिंगवर. शेजारी सलील, कारण वजन त्याचंच जास्त. मागे नीलाताई आणि देवयानी. एक जागा उरली. सोसायटीचे वॉचमन काळुराम म्हात्रे, मूळ बाळकुम गावातलेच, मघापासून काठी घेऊन बघत होते.

"मी बसू काय?" त्यांनी विचारलं.

"बसा काका."

"या गारीत बसायची लई दिसांची इच्छा होती," काळुराम म्हणाले आणि नीलाताईंच्या शेजारी अंग चोरून बसले. गाडी चांगली वीतभर दबली.

प्रीतमने स्टिअरिंग डावीकडे नेलं. खर्र. उजवीकडे नेलं. परत डावीकडे. खर्र. मग सगळे उतरले, गाडी जॅकवर चढली, चाक निघालं. आसावरी बॅटरी घेऊन आत वाकली.

मडगार्डच्या ओठाचा गोळा जसाच्या तसा होता. बोट रुतेल एवढा जाड. वरच्या आर्मचा थोडा चेपलेला, पण शाबूत. खालचाही शाबूत. दांड्याच्या टोकाचा गोळा मात्र मधोमध चिरला होता. कणकेतून एका बोल्टचं आटे पाडलेलं शेपूट आणि त्यावरचा नट बाहेर डोकावत होता. टायर घासत होता तो त्याला.

आसावरीने कणीक सोलून काढली आणि तिचा हात तिथेच थांबला. कणकेत नटाच्या सहा बाजू नीट उमटल्या होत्या, आणि त्यावर पिवळ्या रंगाचा एक आडवा पट्टा लागून आला होता. रंग पुरता वाळलेला नव्हता.

हा पट्टा टिपणिसांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. बाबांची पस्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेली. तिथे नट आवळून झाला की त्यावरून थेट लोखंडावर पिवळी रेघ ओढायची. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. बाबांनी ती सवय घरी आणली. पंख्याला पिवळी रेघ, पलंगाला पिवळी रेघ, सलीलच्या पहिल्या सायकलला पिवळ्या रेघा. आणि त्यांचा दुसरा नियम म्हणजे नट नेहमी बाहेरच्या अंगाला हवा, डोळ्यांना दिसेल असा. प्रीतमने बोल्ट बसवला तेव्हा त्याचं डोकं चाकाकडे आणि नट आत होता. कुणीतरी तो काढून उलटा घातला होता. त्या उलट्या बोल्टच्या शेपटाने बोटभर जागा खाल्ली होती.

म्हणजे बाबा गाडीखाली आले होते. कुणाला न सांगता, या वयात.

आसावरीला इतका आनंद झाला की तिला हसू आवरेना. दोन वर्षं ज्या माणसाने गाडीकडे ढुंकून बघितलं नव्हतं, तो पाना घेऊन तिच्या खाली शिरला होता. तिने कणकेचा गोळा मुठीत धरला आणि खुर्चीशी जाऊन उकिडवी बसली.

"बाबा, बोल्ट कधी फिरवलात?"

बाबांनी पेपराची घडी केली. खोटं बोलायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला, हे तिला स्पष्ट दिसलं.

"परवा. तू कंपनीत होतीस. बुधवारच्या चाचणीनंतर प्रीतमने चाक काढून गाडी स्टँडवर ठेवलेली."

"आणि कुणी बघितलं नाही?"

"काळुरामने बघितलं. आतून पाना त्यानेच धरला. त्याला म्हटलं, बोलू नको." ते तिच्या मुठीकडे बघत होते. "नट आत गेलेला. दिसत नव्हता मला. मी बाहेर घेतला. त्याच्यामुळे लागतंय?"

"त्याच्यामुळेच."

"अरेरे. एवढी साधी गोष्ट." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "पस्तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, बोल्ट उलटवण्यापूर्वी समोर काय फिरतंय ते बघ म्हणून."

"अजून कुठले बघितलेत?"

"सगळे. पुढचे, मागचे, ब्रेकचे. जेवढे हाताला लागले तेवढे."

"काय शोधत होतात?"

बाबांनी पेपराची घडी आणखी एकदा दुमडली. "काहीतरी सैल," ते म्हणाले. "काही सापडलं नाही. तुम्ही दोघांनी काम चोख केलंयत."

म्हणजे त्यांना पुन्हा चालवायचीय, खात्री करून घेत होते, असा अर्थ आसावरीने लावला. तिने त्यांचा हात धरून उठवलं. "चला. तुम्हीच सरळ करा तो."

चौरंगावर बसून बाबा चाकाच्या जागी वाकले. प्रीतम "काका, मी करतो" म्हणत पुढे आला, त्याला देवयानीने दंडाला धरून मागे घेतलं. पण हा बोल्ट एकट्याने निघणारा नव्हता. बाहेरून नट फिरवायचा तर आतून कुणीतरी डोकं धरायला हवं होतं, आणि आत शिरायचं तर गाडीखाली आडवं व्हावं लागणार. आसावरी चादरीकडे वळली, पण आई मध्ये आली.

"तू नाही," नीलाताई म्हणाल्या. "सलील, झब्बा काढ."

"मी?"

"तूच. बनियनवर जा खाली. मला पुऱ्या तळायच्यात."

सलीलने झब्बा काढून देवयानीच्या हातात दिला आणि गाडीखाली सरकला. काही वेळ नुसते लोखंडाचे आवाज येत राहिले. मग बाबांचा हात दांड्याखालून आत गेला.

"सतराचा पाना दे," बाबा म्हणाले.

ते "त्याला सांग" म्हणाले नव्हते. नीलाताईंनी परातीवरचं फडकं उगाच नीट केलं. आतून पाना आला.

"धरलंस?"

"धरलाय."

"फिरू देऊ नको."

"नाही फिरत बाबा. आवळा."

बोल्ट निघाला, उलटा झाला, परत बसला. आता डोकं बाहेर, नट आत. बाबांनी खिशातून पिवळ्या रंगाची छोटी डबी काढली तेव्हा सगळे हसले, पण नट आत असल्यामुळे रेघ ओढायचं काम सलीलवर आलं. "जाड नको," बाबा बाहेरून सांगत होते. "नटावरून सरळ लोखंडावर." परत कणीक लावली, परत माणसं भरली. काळुराम या वेळी न विचारता बसले. स्टिअरिंग डावीकडे गेलं आणि काहीच आवाज आला नाही. चाक काढून बघितलं तर कणीक बोटभर जाड, वर साधा ओरखडाही नाही.

"आता ती कणीक परत मागू नका म्हणजे झालं," नीलाताई म्हणाल्या आणि वर गेल्या.

नैवेद्य झाला, पुऱ्या झाल्या. प्रीतम श्रीखंडाचा डबा घेऊन आंबिवलीला गेला. दुपारी घर खाली उतरलं. आसावरीने साडी नेसली होती. ती सगळ्यांच्या आधी गाडीशी पोचली आणि तिने उजवीकडचं दार उघडून धरलं. आठ महिने तिने हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवलं होतं, बाबा वाकून आत बसतायत, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरतायत.

बाबा आले, दारापाशी थांबले, आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसले.

"सलील," ते म्हणाले. "बस."

"बाबा, मी नको."

"बस म्हटलं ना."

आसावरीला राग आला. खराखुरा. तिने गाडीखाली आठ महिने घालवायचे आणि चावी त्याला. ती मागे आईशेजारी जाऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. देवयानीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तोही तिला नकोसा झाला.

सलीलने गाडी अंड्यांची टोपली न्यावी तशी गेटबाहेर काढली. काळुरामांनी सलाम ठोकला. मुख्य रस्त्याला डावीकडे वळताना सगळ्यांनी कान टवकारले, पण चाक गप्प होतं. आई म्हणाली, "छान वळली हो." खाडी आली, कशेळीचा पूल चढून झाला आणि उतार लागला. सलीलची मान ताठ झालेली मागूनही दिसत होती.

"ब्रेक दाब," बाबा म्हणाले.

"आत्ता? मागे गाड्या आहेत."

"दाब."

सलीलने ब्रेक दाबला. गाडी हळूच नाक वाकवून जिथल्या तिथे उभी राहिली. मागून रिक्षाचा हॉर्न वाजला.

"बघ," बाबा म्हणाले. "लागला."

"लागला बाबा. नवीन आहे ना. आसूने बसवलाय."

"तेव्हाही लागला असता." बाबा समोर काचेतून बघत होते. त्यांचा आवाज चढला नव्हता, कापतही नव्हता. "माझा पाय त्याच्यावर नव्हता. आदळल्यावर खाली बघितलं, तर पाय ॲक्सिलरेटरवर. दोन वर्षं मी गाडीत काहीतरी सैल शोधतोय, सलील. एक नट सैल नाही सापडला."

आईने डोळे मिटले. आसावरीचा राग कुठे गेला ते तिला कळलंही नाही. तिला एवढंच कळलं की आपण ब्रेक बदलले आणि दुखणं ब्रेकचं नव्हतंच.

सलीलचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मागे आता तीनचार हॉर्न एकदम वाजायला लागले.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "मागे लोक थांबलेत."

"थांबू देत," बाबा म्हणाले. "आधी माझ्याकडे बघ."